श्रोणीच्या प्रतिकृतींची जोडी: हाडांत चोख, पेरिनियममध्ये अपुरी

पुण्यात प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग शिकवणाऱ्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर उपचार करणाऱ्या मंडळींना स्त्री आणि पुरुष श्रोणीच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या घेराच्या, पूर्णाकृती प्रतिकृती कधी ना कधी विकत घ्याव्याच लागतात. पेठांमधल्या वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत सध्या जी जोडी सर्वांत जास्त दिसते, तीच मी रुग्णांना समजावून सांगण्यासाठी आणि विद्यार्थिनींना शिकवण्यासाठी वापरते. एकाच साच्यातून निघालेला माल वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकला जातो असे माझ्या पाहण्यात आले आहे, म्हणून शिक्क्यापेक्षा तिची ओळख सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. पीव्हीसीच्या दोन स्वतंत्र प्रतिकृती, दोन्ही प्रत्यक्ष मापाच्या. अवयव चुंबकाने बसणारे. स्नायू तांबडे, मज्जातंतू पिवळे, अस्थिबंध पांढरट. आणि प्रत्येक भागावर बारीक आकडे. जोडीला सुमारे १६,००० रुपये पडतात.

माझे मत आधीच सांगते. हाडे आणि अस्थिबंध शिकवायचे असतील तर ही जोडी डोळे मिटून घ्यावी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तिच्यात बऱ्यापैकी दाखवले आहेत. मात्र त्या स्नायूंच्या खालचा भाग, म्हणजे जननेंद्रिये आणि गुदद्वार ज्यात येतात तो पेरिनियम, घाईने उरकलेला आहे, आणि स्त्रीच्या बाबतीत ही घाई इतकी आहे की ज्यांचे रोजचे काम नेमके तिथेच असते त्यांना पूरक साहित्य जवळ ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

हाडांचे काम खरोखर सुरेख आहे. स्त्री प्रतिकृतीच्या जघनकमानीखाली अंगठा आणि तर्जनी ताणून धरली की ती कमानीत जवळजवळ नेमकी बसतात. पुरुष प्रतिकृतीत तर्जनी आणि मधले बोट फाकवल्यावर जेवढा कोन होतो तेवढाच कोन आहे. ही जुनी खूण विद्यार्थिनींना एकदा हाताने करून पाहता आली की पुन्हा सांगावी लागत नाही. स्त्रीची त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड, आखूड आणि रुंद, आसनास्थीचे (बैठकीच्या हाडांचे) काटे बाहेरच्या बाजूला वळलेले, श्रोणीमुख, म्हणजे श्रोणीचे वरचे तोंड, आडवे लांबट; पुरुषाची हाडे जाड, काटे आत आलेले आणि श्रोणीमुख पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे, हे सगळे फरक जोडी शेजारी ठेवल्यावर नजरेत भरतात. स्त्री प्रतिकृतीचे श्रोणीमुख टेपने मोजले तर आडवे सुमारे १३ सेंटिमीटर आणि पुढून मागे सुमारे ११ सेंटिमीटर भरते, दोन काट्यांमधले अंतर साडेदहाच्या आसपास येते, आणि बहिर्द्वाराजवळ, म्हणजे खालच्या तोंडाशी, पुढून मागचे माप आडव्या मापापेक्षा मोठे होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याची रुंदी साधारण साडेनऊ सेंटिमीटर असते. ते डोके बहुधा आडवे होऊन आत का उतरते, मध्ये का वळते आणि बाहेर येताना तोंड बहुतेकदा आईच्या पाठीकडे का असते, हे त्या मापाची कापडी बाहुली या हाडांतून नेताना शब्दांवाचून समजते. याच कारणासाठी अर्ध्या मापाची स्वस्त प्रतिकृती घेऊ नये, कारण तिच्यातून प्रत्यक्ष मापाचे काहीच नेता येत नाही. १९३३ साली कॉल्डवेल आणि मोलॉय या डॉक्टरांनी स्त्रीच्या श्रोणीचे चार प्रकार मांडले, त्यांतला स्त्रीची नमुनेदार श्रोणी मानला जाणारा गायनेकॉइड हा एकच प्रकार इथे आहे. प्रत्यक्षात मिश्र आकारच पुष्कळ आढळतात, एवढे शिकवणाऱ्याने तोंडी सांगावे.

हाडांबाबत एकच दोष आहे, पण तो महत्त्वाचा आहे. प्रतिकृती तळावर ज्या रीतीने बसवली आहे त्यामुळे श्रोणी तोंड वर करून ठेवलेल्या भांड्यासारखी दिसते. माणूस सरळ उभा असताना ती तशी नसतेच. कंबरेच्या हाडांची पुढची टोके आणि जघनसंधीचा वरचा काठ एकाच उभ्या पातळीत येतात, आणि श्रोणीमुख जमिनीशी सुमारे ५५ ते ६० अंशांचा कोन करून पुढे झुकलेले असते. दुकानात असतानाच प्रतिकृती तळावरून काढून भिंतीला टेकवून पाहावी. दोन्ही टोके आणि जघनसंधी एकाच वेळी भिंतीला लागली की खरी स्थिती मिळाली. हा झुकाव चुकला की त्यापुढचे सारेच चुकीचे समजते. मूत्राशयाचा भार थेट योनिमार्गावर पडतो असे वाटू लागते, प्रत्यक्षात तो जघनास्थीच्या मागे आणि काहीसा तिच्यावर टेकलेला असतो. मी तळाच्या मागच्या कडेखाली लाकडी पाचर घालून ठेवली आहे. तेवढ्याने काम भागते, पण इतक्या किमतीच्या वस्तूला खरेदीदाराने पाचर शोधावी लागू नये.

ओटीपोटाच्या तळाचा स्नायू, लेव्हेटर एनाय, दोन अर्ध्या भागांत वेगळा काढता येतो आणि हीच या जोडीची मोठी सोय आहे. जघनास्थीच्या मागून, बाजूच्या स्नायूवरच्या तंतुमय कमानीवरून आणि आसनास्थीच्या काट्यापासून निघून तो मध्यरेषेकडे कसा उतरतो, हे बोटाने माग काढीत दाखवता येते. प्युबोकॉक्सिजियस आणि इलिओकॉक्सिजियस हे त्याचे भाग वेगळ्या छटांत रंगवले आहेत, आणि पुढच्या बाजूची ती फट, जिच्यातून मूत्रमार्ग आणि स्त्रीमध्ये योनिमार्गही खाली उतरतो, स्पष्ट दिसते. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीसाठी आलेल्या आजींना किंवा काकूंना ही फट दाखवली की गर्भाशय खाली का सरकते हे त्या स्वतःच बोलून दाखवतात. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम आज बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण करताना अनेकजणी श्वास कोंडून नितंब आवळतात. हा स्नायू नितंबांच्या कितीतरी आत आहे, हे हातात धरून पाहिल्यावर ती चूक बरीच कमी होते असा माझा अनुभव आहे.

प्युबोरेक्टॅलिसचे काम मात्र जमलेले नाही. हा पट्टा जघनास्थीपासून निघून मलाशय आणि गुदनलिका यांच्या जोडावर मागून वळसा घालतो आणि त्यांना पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे जवळजवळ काटकोन होतो. मल रोखून धरण्यात या कोनाचा मोठा वाटा असतो. उकिडवे बसल्यावर तो कोन उलगडतो, आणि म्हणूनच भारतीय पद्धतीच्या संडासात बसणाऱ्यांना, किंवा कमोडवर पायाखाली पाट घेणाऱ्यांना, जोर कमी करावा लागतो. प्रतिकृतीत पट्टा आहे, पण मलाशय सरळ खाली उतरलेले आहे; कोनच नाही. बद्धकोष्ठतेच्या रुग्णाला जे दाखवायचे असते तेच नेमके दिसत नाही.

आता पेरिनियमकडे वळते, कारण माझा खरा आक्षेप इथे आहे. पुढे जघनसंधी, मागे माकडहाडाचे टोक आणि दोन्ही बाजूंना फरशीवर मांडी घालून बसल्यावर टोचणारी बैठकीची हाडे, या चार बिंदूंमधला हा समभुज चौकोन. बैठकीच्या हाडांना जोडणारी रेषा त्याचे दोन त्रिकोण करते: पुढचा मूत्रमार्ग आणि जननेंद्रियांचा, मागचा गुदद्वाराचा. हे दोन्ही त्रिकोण एका पातळीत नसतात, त्या रेषेवर त्यांची घडी पडलेली असते. पुरुष प्रतिकृती उलटी धरली की हे सगळे नीट दिसते. शिश्नाच्या मुळाशी मधला बल्ब म्हणजे फुगीर भाग, दोन्ही बाजूंना हाडांना चिकटलेले क्रुरा म्हणजे पायांसारखे फाटे, त्यांच्यावरचे इस्किओकॅव्हर्नोसस आणि बल्बोस्पॉन्जिओसस स्नायू आणि मागचा आडवा स्नायू, प्रत्येकाला वेगळा रंग आणि वेगळा आकडा आहे. बल्बोस्पॉन्जिओससच्या दोन बाजू मध्यरेषेत जिथे जुळतात ती शिवणही कोरलेली आहे.

स्त्री प्रतिकृती तशीच उलटी धरली की निराशा होते. क्लिटोरिस म्हणून एक छोटा उंचवटा दिला आहे आणि तेवढ्यावरच विषय संपवला आहे. वास्तविक बाहेर दिसणारा भाग हे त्या अवयवाचे केवळ टोक असते. त्यामागे दांडा असतो, त्याचे दोन क्रुरा जघनास्थीच्या फांद्यांना चिकटून दोन्ही बाजूंना मागे जातात, आणि योनिमार्गाच्या दोन्ही अंगांना स्पंजासारख्या ऊतीचे बल्ब असतात. पुरुषात जे भाग रंग आणि आकडे देऊन दाखवले आहेत, त्यांचेच हे समकक्ष भाग आहेत, गर्भावस्थेत एकाच मुळापासून घडलेले. ऑस्ट्रेलियातील मूत्ररोगशल्यचिकित्सक हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध करून पाठ्यपुस्तकांतील वर्णन किती अपुरे आहे हे दाखवून दिले, आणि २००५ साली त्यावर पुन्हा सविस्तर लिहिले. त्यानंतर इतकी वर्षे उलटूनही साचा बदललेला नाही. प्रसूतीनंतर टाके पडलेल्या ठिकाणी दुखते, संबंधांच्या वेळी वेदना होतात, अशा तक्रारी घेऊन स्त्रिया येतात आणि त्या बोलायलाच किती वेळ घेतात हे मी रोज पाहते. त्यांच्यासमोर ठेवलेल्या वस्तूत त्यांच्याच शरीराचा हा भाग गाळलेला असावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी रंगीत मातीचे क्रुरा आणि बल्ब करून चिकटवले आहेत; बल्बोस्पॉन्जिओसस स्त्रीमध्ये मध्यरेषेत न जुळता योनिद्वाराच्या दोन्ही बाजूंनी कसा जातो, हेही त्यांच्यावर मग नीट दाखवता येते.

पेरिनियल बॉडी हा दुसरा मोठा राहून गेलेला भाग. योनिद्वार आणि गुदद्वार यांच्यामधली ही तंतुमय गाठ दिसायला लहान असते, पण बल्बोस्पॉन्जिओसस, आडवे स्नायू, गुदद्वाराचा बाह्य आकुंचक स्नायू आणि लेव्हेटरचे काही तंतू तिथेच एकत्र येतात. प्रसूतीत पेरिनियम फाटते तेव्हा पहिल्या श्रेणीत त्वचा आणि योनीची अंतःत्वचाच फाटते, दुसऱ्या श्रेणीत पेरिनियमचे स्नायू, तिसऱ्या श्रेणीत गुदद्वाराचा आकुंचक स्नायू आणि चौथ्या श्रेणीत गुदनलिकेच्या आतल्या अस्तरापर्यंत जखम जाते. नर्सिंगच्या मुलींना हे पाठ असते, पण कुठल्या थराखाली कुठला थर हे त्यांनी पाहिलेले नसते. प्रसूतीच्या वेळी वाट मोठी करण्यासाठी घेतला जाणारा छेद मध्यरेषेतून सरळ खाली न घेता तिरका का घ्यायचा, याचे उत्तर या गाठीच्या मागे असलेल्या आकुंचक स्नायूत आहे. प्रतिकृतीत त्या जागी एकसंध तांबडा भाग आहे, त्याला आकडाही नाही, आणि आकुंचक स्नायू म्हणजे नुसते एक वर्तुळ. श्रेणी शिकवण्यासाठी मी थरांचे कापडी पेरिनियम शिवून घेतले आहे. ते ताणता येते, कापता येते आणि त्यावर टाके घालता येतात. पीव्हीसीला यांतले काहीच साधत नाही, त्याबद्दल मात्र उत्पादकाला दोष देता येणार नाही.

तपशिलात शिरणाऱ्या शिक्षकांसाठी आणखी एक सूचना. पेरिनियल मेम्ब्रेनच्या, म्हणजे पुढच्या त्रिकोणातल्या तंतुमय पडद्याच्या, वर एक सपाट स्नायूंची चकती दाखवून तिला यूरोजेनायटल डायफ्रॅम म्हटले आहे. ही जुनी कल्पना आहे. शरीररचनाशास्त्रज्ञ ओएलरिश यांनी १९८० साली पुरुषांबाबत आणि १९८३ साली स्त्रियांबाबत केलेल्या वर्णनानंतर मूत्रमार्गाचा आकुंचक स्नायू ही सपाट चकती नसून मूत्रमार्गाभोवती वर चढत जाणारी रचना आहे, हे मान्य झाले. स्त्रीमध्ये तिचेच काही तंतू योनिमार्गालाही वेढतात. खोकताना, हसताना लघवी का निसटते हे शिकवताना हा फरक शब्दच्छलाचा राहत नाही.

गुदनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या इस्किओअ‍ॅनल खळग्यांमध्ये प्रत्यक्षात चरबी असते, म्हणून मलविसर्जनाच्या वेळी नलिकेला फुगायला जागा मिळते. या चरबीला रक्तपुरवठा कमी असल्याने तिथे गळू होण्याचा धोकाही असतो, आणि दोन्ही खळगे मागून जोडलेले असल्याने गळू एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. प्रतिकृतीत खळगे रिकामे ठेवले आहेत. मला ते सोयीचे वाटते, कारण पिवळ्या स्पंजाचे तुकडे भरून ते हवे तेव्हा काढता येतात.

पेरिनियमला संवेदना देणाऱ्या प्युडेंडल मज्जातंतूचा मार्ग मात्र मनापासून दाद द्यावी असा दाखवला आहे. त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जामुळांपासून निघून तो मोठ्या छिद्रातून श्रोणीबाहेर पडतो, काट्याला वळसा घालतो, लहान छिद्रातून पुन्हा आत येतो आणि खळग्याच्या बाहेरच्या भिंतीतून पुढे जातो. या भिंतीतल्या मार्गाचे वर्णन आयरिश शरीररचनाशास्त्रज्ञ बेंजामिन अल्कॉक यांनी १८३६ साली केले. सेक्रोस्पायनस आणि सेक्रोट्युबरस हे दोन अस्थिबंध इतके नेटके बसवले आहेत की तंतू त्यांच्यामधून कसा जातो हे बोटाला जाणवते. पुणे पूर्वी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई आणि आता लांब पल्ल्याची सायकल चालवणारे पुष्कळजण पुन्हा दिसू लागले आहेत. त्यांच्यापैकी काहीजण खोगिरावर तासन् तास बसल्यावर पेरिनियमला येणाऱ्या बधिरपणाबद्दल विचारतात. खोगिराचे टोक कुठे दाबते आणि भार बैठकीच्या हाडांवर का यायला हवा, हे या प्रतिकृतीवर उत्तम दाखवता येते.

पुरुष प्रतिकृतीचा मध्यछेदही चांगला आहे. मूत्रमार्गाची सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांबी, त्यातली दोन वळणे आणि प्रोस्टेटमधून जाणारा भाग व्यवस्थित दिसतो. कॅथेटर घालताना शिश्न वर का उचलायचे हे विद्यार्थ्यांना लगेच उमगते, कारण तसे केल्याने पुढचे वळण सरळ होते. शेजारी स्त्रीचा जेमतेम ४ सेंटिमीटरचा मूत्रमार्ग ठेवला की मूत्रसंसर्ग स्त्रियांमध्ये अधिक का होतो याचे एक कारणही समोर येते. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होऊन लघवीवरचा ताबा सैल झालेले काका पत्नीला बरोबर घेऊन येतात तेव्हा मी हाच तुकडा पुढे करते. मूत्राशयाच्या तोंडाशी लघवी रोखून धरणारा भाग शस्त्रक्रियेत गेला, आता प्रोस्टेटखालचा आकुंचक स्नायू बळकट करायचा आहे, एवढे समजले की व्यायामाला हेतू मिळतो. प्रोस्टेट मात्र एकाच रंगात आहे. वाढत्या वयात फुगणारा भाग मूत्रमार्गाभोवती असतो आणि कर्करोग बहुधा मलाशयाकडच्या बाह्य भागात सुरू होतो, हे दाखवण्यापुरत्या तरी दोन छटा द्यायला हव्या होत्या.

बाकी व्यवहाराचे थोडके. सोबतची सूची केवळ इंग्रजीत आणि फार बारीक छापलेली आहे. मराठी नावांची यादी आपली आपण करावी. चुंबक भक्कम आहेत. स्पिरिटने पुसल्यास रंग सुटतो, साबणाच्या पाण्याने पुसावे. दुकानात खोका उघडून सगळे तुकडे बसवून पाहावेत. मला मिळालेल्या खोक्यात एका अंडाशयाचे चुंबक निखळलेले होते आणि तो तुकडा बदलून मिळवण्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला.

दोन्ही प्रतिकृती सुट्याही मिळतात. केवळ प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्यांनी एकटी स्त्री प्रतिकृती घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून कापडी पेरिनियम आणि प्रत्यक्ष मापाची बाहुली शिवून घ्यावी. नर्सिंग महाविद्यालयांनी आणि मूत्रविकारांचे रुग्ण पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी जोडीच घ्यावी, आणि घेताना विक्रेत्याकडे क्रुरा व बल्ब दाखवणाऱ्या स्त्री प्रतिकृतीची मागणी आवर्जून नोंदवावी. मी ती लेखी दिली आहे.